ओलं हरीण

आमच्या शेजारच्या दाजीकाकांना कुणी काहीही नवीन दाखवलं, की ते एकच प्रश्न विचारतात, "पाणी मारलंस?"

सिमेंटचं काम झालं की ते काही दिवस ओलं ठेवावं लागतं, नाहीतर तडे जातात, हे खरं आहे. पण काका हा प्रश्न भिंतींपुरता ठेवत नाहीत. माझ्या चुलतभावाचं लग्न झालं, तेव्हा नवरानवरी त्यांच्या पाया पडायला गेली. काकांनी आशीर्वाद दिला, "पयलो महिनो पाणी मारीत रवा. मगे तडो जावचो नाय." नवरी मुंबईची. ती नंतर सासूला हळूच विचारत होती, पाणी नेमकं कशावर मारायचं?

खरं तर काकांनी उभ्या आयुष्यात थापी हातात धरली नव्हती. ते ओरोसला एका कचेरीत बांधकामाच्या फायली सांभाळायचे. पण "मी बांधकामातलो मनीस" असं ते इतक्या खात्रीने सांगतात, की जामसंड्यातले गवंडी त्यांना लांबून पाहूनच चहाला जातात.

त्यांच्या अंगणात फणसाखाली सिमेंटचं एक हरीण होतं. चांगलं वासराएवढं. नात जुई लहान असताना तिच्यासाठी त्यांनी ते हायवेवरच्या कुंड्यावाल्याकडून आणलं, टेम्पोत मागे त्याच्या मानेला मिठी मारून बसून. जुई दर मे महिन्यात पुण्याहून यायची आणि जेवायचीसुद्धा हरणावर बसून. मग तिचे क्लास सुरू झाले, येणं थांबलं. हरणाच्या पाठीवर शेवाळ धरायचं, ते काका दर दिवाळीला घासून काढायचे.

यंदा मे महिन्यात तिचा फोन आला, की आम्ही येतोय. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "आजोबा, हरीण आहे ना अजून? मी बसणार हां त्याच्यावर."

"आसा तर! खंय जातला?" काका म्हणाले.

त्याच दिवशी सकाळी हरणावर फणस पडला होता. मान तुटून तुळशीपाशी गेली होती, पुढचे पाय गुडघ्यात मोडले होते आणि पोटाला भेग पडली होती. सगळी वाडी बघायला आली. प्रत्येकाने हळहळ व्यक्त केली आणि प्रत्येकाने विचारलं, फणस कापा होता की बरका? कापा, म्हणजे घट्ट गोड गऱ्यांचा, असं कळल्यावर हळहळ आणखी वाढली. शेवटी काकीने सगळ्यांना गरे वाटले.

"आता गवंड्याक बोलवा," काकी म्हणाली.

"गवंडी कित्याक? मगे मी कोण?"

"तुमी फाईल."

काकांनी ऐकलं नाही. काकीचं उलथनं थापी म्हणून घेतलं, तिची जुनी परात सिमेंट कालवायला घेतली आणि पायांसाठी जाडजूड सळया आणल्या. "पूल बांधतास काय?" काकीने विचारलं. काका नुसते हसले.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. त्यामुळे मला सगळं कळतं असा वाडीचा समज आहे आणि तो मोडायचं मला धाडस होत नाही. भर दुपारी काकांनी दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यावरून ओरडून विचारलं, "काय गो, तुझा वजन किती?"

रस्त्यावरून चाललेला पाववाला उत्तर ऐकायला सायकलवरून खाली उतरला. मग काकांनी आवाज खाली आणला. "तुझा नको गो. नववीतल्या चेडवाचा किती असात? फोटोत उंच दिसता."

मी अंदाजाने एक आकडा सांगितला. तो त्यांना कमी वाटला. "पुण्याक खावक बरा गावता," असं म्हणून त्यांनी आणखी एक सळई घातली.

डोकं सिमेंट धरेपर्यंत घसरू नये म्हणून त्यांनी ते काकीच्या जुन्या लुगड्याने फणसाच्या फांदीला बांधलं. मग सगळ्या हरणाला गोणपाट गुंडाळून त्यावर पाणी मारायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पाववाला फाटकातून कळवळून ओरडला, "काकानु, त्या म्हाताऱ्याक घरात घेवा, पुरो भिजलो तो!"

एक कावळा गोणपाटावर येऊन बसला, तर काका काठी घेऊन धावले. "ऊठ मेल्या! आठ दिवस कोणी बसूचा नाय!"

पाणी मारताना मध्येच गोणपाट उचलून त्यांनी आम्हाला तोंड दाखवलं. काकीने बराच वेळ निरखून बघितलं. "ह्या गाढव."

मी "हरीण" म्हणाले, पण ते विचारल्यासारखं निघालं.

"तोंडाक काय करतंस? ताकद बघ," काका म्हणाले.

पण जुईच्या बाबांची सुट्टी बदलली आणि गाडी ठरल्यापेक्षा आधीच दारात उभी राहिली. सिमेंट जेमतेम दोन दिवसांचं. शिवाय त्यांना संध्याकाळी पुढे गोव्याला जायचं होतं. काकांनी घाईने लुगडं सोडलं, गोणपाट काढलं आणि हरणाचं अंग धोतराच्या सोग्याने पुसलं.

जुई काकांपेक्षा उंच झाली होती. अंगणात आल्या आल्या ती खो खो हसली. "आजोबा, हे गाढव कधी आणलं?"

काकी एकदम चुलीकडे वळली.

"हरीण गो ता," काका म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

जुईचं हसू थांबलं. तिने ते जाड पाय बघितले, जोडलेली मान बघितली. पाठीवरची तिची बसायची जागा तेवढी पूर्वीचीच होती. "अय्या, हेच ते? मग मी बसणारच. ताई, फोटो काढ ना," म्हणत तिने फोन माझ्या हातात दिला.

"अगो नको!" काकी आतून धावत आली. "ओला आसा अजून. हेंची हाडा मोडली त्या कामात."

"बाबा, आठ दिवस थांबावं लागतं ना?" जुईचे वडील म्हणाले.

सगळे काकांकडे बघू लागले. त्यांनी हरणाकडे बघितलं, मग दारातल्या गाडीकडे.

"कोण म्हणता ओला? बस गो बाय. पक्का आसा."

जुईने पाय टाकला तेवढ्यात काका "माझो चष्मो पडलो" असं पुटपुटले आणि हातागुडघ्यांवर ओणवे झाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता. तसेच रांगत ते हरणाच्या पोटाखाली शिरले आणि त्यांनी आपली पाठ वर लावली.

"हलता काय गो?" खालून आवाज आला.

"अजिबात नाही, आजोबा."

मी फोन डोळ्यांसमोर धरला. हरणाच्या चार पायांमागे धोतरातले दोन पाय दिसत होते. आणि मग मला जुईच्या चपला दिसल्या. दोन्ही चवडे जमिनीवर घट्ट रोवून ती हरणाच्या पाठीपासून बोटभर वर अधांतरी राहिली होती. मांड्या थरथरत होत्या, तरी तोंडभर हसत होती. हरणावर त्या वेळी कुणाचंच वजन नव्हतं.

मी पटकन फोटो काढला आणि "झाला" म्हणाले. तरी दोघांपैकी कुणी हलेना.