पॉरिकच्या दारची पानं

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ओलं फडकं होतं, थर्मामीटर होता; पानं नव्हती.

"आई, इथली पानं कुठायत?"

"हळदीची ना? पातोळे केले त्यांत." पद्मजाबाईंनी मोदकपात्राचं झाकण उचललं. "म्हटलं, श्रावण आहे. पण अगं, वासच नाही पानांना! तुमच्या आयर्लंडात हळदसुद्धा मिळमिळीत."

अश्लेषा मटकन खुर्चीत बसली. लगेच उठली. पुन्हा बसली.

"ती हळदीची नव्हती, आई! हवाईहून आली होती. संध्याकाळी माळ करून गळ्यात घालायची होती मला!"

"मग फ्रिजमध्ये कशाला ठेवलीस? फ्रिजमध्ये असतं ते खायचं असतं. शेजारी थर्मामीटर बघून मला वाटलं, पानांना ताप आलाय."

थर्मामीटरची सवय अश्लेषाला नोकरीमुळे लागली होती. वनस्पतिशास्त्र शिकून ती गॉलवेतल्या एका कंपनीत कॅथेटर तपासत असे. शनिवारी सकाळी मात्र ती कम्युनिटी सेंटरमध्ये केहाऊकडे हुला नाच शिकायला जाई. केहाऊ मूळची हवाईतल्या हिलोची, लग्न करून इथे आलेली. शिकवलं नाही तर हे टिकणार नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे शिकणारा कुठला आहे, हे ती विचारत नसे. नाच मात्र ती सर्वांत शेवटी शिकवी. आधी मंत्र, मग हिलोच्या पावसांची नावं, मग माळ वळणं. तिच्या आईने अंगणातली पानं रीतसर कागदपत्रं करून पाठवली होती आणि प्रत्येकीला एकेक जुडी मिळाली होती.

नियम एकच होता. रंगमंचावर आधी सांगायचं, माळेची पानं कुठल्या झाडाची आणि ती घ्यायची परवानगी कुणी दिली. जिला सांगता येणार नाही तिने खाली बसायचं. वर्षभर डावं-उजवं चुकवून अश्लेषा आज पहिल्यांदा नाचणार होती. ते बघायला आईने रत्नागिरीला परतायचं तिकीट पुढे ढकललं होतं.

"केहाऊला फोन करून सांग ना."

"काय सांगू? तुझ्या आईची पानं माझ्या आईने वाफवली?"

ती खिडकीपाशी गेली, ओट्याशी आली, परत खिडकीपाशी गेली आणि थांबली. समोरच्या पॉरिकच्या अंगणात एक उंच झाड वाऱ्यात सळसळत होतं. गॉलवेत सगळे त्याला पाम म्हणत. अश्लेषाला मात्र ठाऊक होतं, ते पाम नव्हेच.

"आई, कॉर्डिलाइन! हिलोच्या पानांचा आणि याचा वंश एकच. फक्त जाती वेगळी."

"आडनाव एक असलं म्हणून कुणी घरातलं होतं का? आणि आधी त्यांना विचार."

"त्याची गाडी नाहीये. मॅचला गेला असेल. नंतर सांगते ना!"

पानं हिलोच्या पानांपेक्षा अरुंद आणि चिवट होती. स्वयंपाकघरातली कात्री त्यांना जुमानेना. दोनदा दार वाजल्यासारखं वाटून अश्लेषा कुंपणामागे लपली. शेवटी पानं छातीशी धरून ती रस्ता ओलांडून घरी पळाली. पानं धुऊन झाल्यावर पाहिलं, तर आई घरात नव्हती. थोड्या वेळाने पद्मजाबाई दारातून आत आल्या.

"कुठे गेली होतीस?"

"इथेच. तू तुझी माळ वळ."

संध्याकाळी पडद्याआडून अश्लेषाने प्रेक्षकांत डोकावून पाहिलं आणि झटकन पडदा सोडला. पहिल्याच रांगेत आईशेजारी पॉरिक बसला होता, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन. कार्यक्रमाची पत्रकं गल्लीतल्या प्रत्येक दारात अश्लेषानेच टाकली होती.

"हिलो. कुमूच्या आईचं अंगण. त्यांनीच दिली," पहिली म्हणाली. कुमू म्हणजे गुरू, म्हणजे केहाऊ. दुसरीनेही तेच सांगितलं. अश्लेषाची पाळी आली. तीच तीन वाक्यं म्हणायची, की सुटका.

"हिलो," ती म्हणाली. पॉरिक माळेकडे निरखून बघत होता. "नाही. माझी हिलोची पानं... शिजली. ही पॉरिकच्या झाडाची आहेत. मी त्याला विचारलं नाही."

केहाऊने तिच्याकडे पाहिलं, मग प्रेक्षकांकडे. "ते इथे आहेत?"

"समोरच."

"मग आत्ता विचार. रीतीने."

परवानगी मागायचा मंत्र अश्लेषाला चोख यायचा, कारण त्यात डावं-उजवं नव्हतं. तिने तो एकटीने म्हटला. मंत्र संपला. पॉरिकने मागे वळून पाहिलं. मागच्या रांगेतले सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"मी काही बोलायचंय का?"

"हो किंवा नाही," केहाऊ म्हणाली.

पॉरिक उठून उभा राहिला. "गाडी गॅरेजमध्ये आहे. मी घरीच होतो, खिडकीत. ही विचारेल म्हणून वाट बघत होतो. ही पळाली. मग या बाई आल्या, झाडाला नमस्कार केला आणि हा डबा दाराला अडकवून गेल्या." त्याने डबा उंच धरला. "आतलं ग्रँड होतं. बाहेरचं हिरवं जरा चिवट, पण संपवलं."

"पानासकट?" पद्मजाबाई मराठीतच किंचाळल्या. "सोलून खायचं असतं हो ते!"

अश्लेषाने भाषांतर केलं. केहाऊ हसता हसता रंगमंचाच्या कडेला बसली. डोळे पुसत ती म्हणाली, "म्हणजे माझ्या आईची पानं यांच्या पोटात आणि यांची पानं हिच्या गळ्यात. आमच्याकडेही त्या पानांत अन्न शिजवतात. पण पान खाणारा पहिलाच भेटला! आता उत्तर द्या."

"खुशाल नाचू दे," पॉरिक म्हणाला आणि डबा मांडीवर घेऊन खाली बसला.

अश्लेषा नाचली. तीनदा सगळ्या डावीकडे गेल्या, तेव्हा ती एकटीच उजवीकडे गेली. चौथ्यांदा मात्र ती बरोबर वळली आणि पुढेही बरोबरच वळत राहिली.

घरी जाताना आई रस्त्याकडेची झाडं न्याहाळत चालली होती. अश्लेषाला राहवेना.

"सांग ना, कसं झालं?"

"आता खरं सांगू का आशू, नाच काही मला कळला नाही," पद्मजाबाई म्हणाल्या. "पण पानं छान दिसत होती. उद्या पॉरिकना विचारून थोडी घेऊ. पातोळ्यांना चालतील का बघते."