गेनूनानांनी काट्यावर घातलेली कादंबरी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या गेनूनानांनी ऊसतोडीचा कोयता दातांत धरून कालवा पोहून पाहिला. कारण एवढंच, की आदल्या दिवशी नगरला पाहिलेल्या ऐतिहासिक सिनेमात नायक दातांत तलवार धरून नदी पार करतो. नाना पलीकडे पोचले. कोयता आणि कवळी कालव्यातच राहिली. संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर बोळक्या आवाजात परीक्षण आलं: "शिनेमा खोटा हाय. जाऊ नका."

नानांची सगळी नोकरी श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात, वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी असो की शूरवीर, "काट्यावर घातल्याबिगर बोलायचं न्हाई" हा त्यांचा बाणा. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावच्या वाचनालयात पुस्तकं निवडायचं काम अंगावर घेतलं. साहसाचं पुस्तक आलं की नाना आधी करून बघणार, मग ते कपाटात जाणार. त्यामुळे वाचनालयात पुस्तकं थोडी आणि नानांच्या अंगावर प्लास्टर फार. एक जाडजूड कादंबरी तर त्यांनी बसल्या जागी परत धाडली. "चार पानांत तीन गड घेतोय. जेवतो कवा?"

अशा माणसाच्या हाती मी माझी पहिली ऐतिहासिक कादंबरी दिली. तोवर ती पूर्ण वाचलेला पृथ्वीतलावरचा एकमेव इसम मी होतो. निदान गावच्या कपाटात तरी ती दिसावी, एवढीच हाव.

आठवड्यानं नाना दारात.

"लेखक, सातव्या प्रकरणात तुमचा सरदार जखमी भावाला पाठंगुळी घेऊन डोंगर वलांडतो. वैद्याकडं नेतो. भाऊ वाचतो. व्हय ना?"

"व्हय."

"चला मंग. म्या बसतो, तुमी उचला."

"नाना, कादंबरी आहे ती!"

"म्हनून काय झालं? कादंबरीतल्या मानसाला वजन नसतं व्हय?"

गावाबाहेरच्या टेकडीखाली नाना माझ्या पाठीवर चढले. निम्मी कॉलनी बघायला आली होती. मोबाईलवर शूटिंग माझी बायकोच करत होती. "दुश्मन मागं हाय, हाला की!" नाना कानाशी ओरडले. मी हाललो. पहिलं वळण यायच्या आत आम्ही दोघे बाभळीच्या काटेरी फेसाटीत आडवे.

"सरदार पडला!" बायकोच ओरडली.

लोक हसत पांगले. मी तळव्यातला काटा काढत म्हणालो, "सांगा, नाना. ग्रुपवर खोटी म्हणून सांगा. पुढच्या आवृत्तीत भाऊ वाटेतच मारून टाकतो." पुढची आवृत्ती! माणसाचा माज पडल्यावरसुद्धा जात नाही.

नाना हसले नाहीत. टेकडीकडे बघत बसले.

"आमच्या धाकल्याला उसात साप चावला हुता," ते म्हणाले. "तवा गाडी कुटली? म्या असाच पाठीवर घेतला. वड्यापस्तोर बोलत हुता. 'दादा, दमलास का' म्हनला. मंग एकदम जड झाला."

मी काटा तसाच धरून बसलो.

नाना उठले, धोतर झटकलं. "सरदाराला पोचू द्या. त्या पानाला हात लावू नका."

संध्याकाळी ग्रुपवर नानांचा आवाज आला: "लेखकाची कादंबरी लई लबाड. घोडी उडत्यात, मानसं जेवत न्हाईत, अन् लेखकाला सोताला चार पावलं चालवत न्हाई. कपाटात ठेवली हाय. सातवं प्रकरण तेवढं समद्यांनी वाचा. ते खरं हाय."