व्याह्याचा खोकला

मास्क घरीच शिवायचा, आणि तोही मीच शिवायचा, हे मी ठरवलं तेव्हा माझ्या मनात कुटुंबाच्या भल्याशिवाय दुसरं काही नव्हतं. (बायको म्हणते, माझ्या मनात कुटुंबाचं भलं आलं की ती आधी घरातली हत्यारं लपवते.)

फेब्रुवारी संपत आला होता. त्या नव्या आजाराचा एकही रोगी आमच्या देशात अजून सापडला नव्हता, पण अल्माटीतल्या एकाही औषधाच्या दुकानात मास्कही सापडत नव्हता. ऑफिसात लोक हात मिळवण्याऐवजी कोपराला कोपर लावत होते. बसमध्ये कोणी शिंकलं की त्याच्या भोवतीच्या चारही सीट रिकाम्या होत. (एकदा पाय फार दुखत होते म्हणून मीही शिंकून पाहिलं. खोटं कशाला बोला?) आणि घराघरात अद्रास्पान जळत होतं. ही माळरानावरची कडू वासाची झुडपं आमच्याकडे दृष्ट लागो, सर्दी होवो की सासू मुक्कामाला येवो, वाळवून जाळतातच. त्या आठवड्यात आमच्या जिन्यात इतका धूर होता, की तिसऱ्या मजल्यावरचा माणूस रोज चौथ्या मजल्यावरची बेल वाजवायचा.

आणि नेमकं तेव्हाच आम्हाला रेल्वेने एक दिवस-रात्र लांब क्झिलोर्दा शहरात जायचं होतं, आमच्या मुलाची, सांझारची सोयरीक पक्की करायला.

सांझार तिकडेच नोकरीला. मुलगी बोतागोझ, सोन्यासारखी. तिचे वडील मिर्झाखमेत हे जनावरांचे डॉक्टर. तीस वर्षं त्यांनी खोकणारी मेंढी कळपातून बाहेर काढण्याचं काम केलेलं. त्यांचा आदल्या आठवड्यात माझ्या बायकोला फोन आला.

"कुल्याशबाई, तुमच्याकडून दोघंच या. वीस-पंचवीस माणसं नकोत. आणि स्पष्टच सांगतो, माझ्या आईला गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया होऊन गेलाय. शहाऐंशी वय आहे. दारात कोणी खोकलं तर मी दार लावून घेईन. मग तो नवऱ्या मुलाचा बाप का असेना."

"मग तारीखच पुढे ढकलू या का?" बायकोने विचारलं.

"आई ऐकत नाही. नातीच्या सोयरिकीचा घास खाल्ल्याशिवाय मरायची नाही म्हणते, आणि फार दिवस थांबायचीही नाही म्हणते. शिवाय गाड्या कधी बंद होतील कोण सांगणार?"

लगेच सांझारचा फोन. "बाबा, माझ्यासाठी एक काम करा."

"बोल बेटा."

"काहीही करू नका."

आता पोराने इतक्या कळवळून सांगितल्यावर बापाने गप्प बसायचं? मी त्याच्याच जुन्या शर्टाचा दुपदरी मास्क शिवायला घेतला. बायको म्हणाली, "आत चिमूटभर अद्रास्पान घाला. चिमूटभर हं." मी विचार केला, चिमटीने इतका फायदा, तर मुठीने किती! चांगलं मूठभर भरलं आणि तोंड शिवून टाकलं. मास्क जरा उशीसारखा झाला, पण मजबूत.

एक गोष्ट मात्र मी बायकोपासून लपवली होती. आमच्या ऑफिसातला विक्तर इटलीला जाऊन आला होता. त्याने आणलेलं चीज मी खाल्लं होतं, दोन तुकडे. आणि त्याला मिठीही मारली होती, तिसऱ्या तुकड्याच्या आशेने. तेव्हा इटलीचं नाव कोणी घेत नव्हतं. आता बातम्यांमध्ये दुसरं नावच नव्हतं. मी दिवस मोजत होतो. मिठीला बारा दिवस झाले होते.

सकाळी गाडीत बसलो. डब्याच्या अटेंडंट शोल्पानबाई दारात उभ्या होत्या, दरवाजाएवढ्याच रुंद. मी आदराने मास्क चढवला, एक खोल श्वास घेतला आणि खोकलो. साधासुधा नाही, बुडापासून.

"कुठून आलात?" बाईंनी विचारलं.

"इथूनच. अक्साय भागातून."

"कोणाला भेटलात?"

"कोणालाच नाही," मी म्हणालो, आणि विक्तर आठवून पुन्हा खोकलो.

आमच्या समोरच्या बाकावर एक धिप्पाड गृहस्थ भाजलेली कोंबडी उघडून बसले होते. माझ्या तिसऱ्या खोकल्याला त्यांनी कोंबडी झाकली. पाचव्याला ते कोंबडी घेऊन उठले आणि त्यानंतर थेट क्झिलोर्दाच्या फलाटावरच दिसले. दहा मिनिटांत सगळ्या डब्याला कळलं. लोक आमच्या दारावरून जाताना श्वास कोंडून पळत. एक म्हातारी तर जाता-जाता माझ्या नावाने दुवाच मागून गेली, मेलेल्यांसाठी मागतात ती.

"अहो, हे काय चाललंय?" कुल्याश कुजबुजली. "घरी तर ठणठणीत होता!"

"घसा कोरडा पडला असेल."

मी मास्क काढून चहा घेतला. बरं वाटलं. चहाला गुण असतो. तेवढ्यात शोल्पानबाई आल्या, म्हणून मी झटकन मास्क चढवला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येईपर्यंत खोकलो.

"डोळेही लाल!" बाई दोन पावलं मागे सरकल्या. "हे बघा काका, माझ्या डब्यात चौतीस माणसं आहेत. माझी स्वतःची दोन पोरं आहेत घरी. तराज स्टेशन यायच्या आत पुन्हा एकदा जरी खोकलात, तर मी फोन लावणार. तिथे पांढऱ्या कपड्यांतली माणसं येतील आणि तुम्हाला उतरवून घेऊन जातील."

"अहो पण, पोराची सोयरीक आहे हो!" कुल्याश रडकुंडीला आली.

"असेल. त्यात माझ्या पोरांचा काय दोष?"

बाईंचं बरोबरच होतं. त्या गेल्या. मी वरच्या बर्थवर चढलो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. आता माझी मला खरंच भीती वाटू लागली. खोकला आहे, डोळे लाल आहेत, छातीत जळजळतंय. इटलीचं चीज आहे. आणि उद्या मला शहाऐंशी वर्षांच्या बाईला माझ्या हाताने घास भरवायचा आहे! मनात म्हटलं, बाईंना सगळं सांगून टाकावं आणि तराजला उतरावं. मग सांझारचा चेहरा डोळ्यांपुढे आला. याआधी त्याची दोन स्थळं मोडली होती. (एक माझ्या भाषणामुळे. दुसऱ्या वेळी मी भाषण केलं नव्हतं, पण गायलो होतो.)

जड वाटलं म्हणून मास्क काढून उशाशी ठेवला आणि तोंडात मूठ कोंबून पडून राहिलो. तराज आलं, तराज गेलं. मी खोकलो नाही. माझ्या मनोनिग्रहाचं मलाच कौतुक वाटलं.

सकाळी क्झिलोर्दाच्या फलाटावर कोणीतरी माझ्या कपाळावर बंदुकीसारखं यंत्र रोखलं. ताप नव्हता. सांझार मिठी मारायला धावला, तसा मी दोन हात लांब राहिलो.

"बाबा, तुम्ही काही केलंत का?" त्याने पहिला प्रश्न विचारला.

"काही नाही रे," मी म्हणालो. ते खरंच वाटत होतं मला.

मिर्झाखमेत अंगणाच्या फाटकातच उभे होते, हात पाठीमागे बांधून. आजींचा मान म्हणून मी फाटकाबाहेरच मास्क बांधला. नमस्कार-चमत्कार झाले. माझ्या घशात काहीतरी सुरसुरायला लागलं. मी श्वास धरला. घरात शिरलो, कोट काढला, पाहुण्यांच्या जागी बसलो, सगळं एका श्वासात.

"व्याही कमी बोलतात," मिर्झाखमेत म्हणाले. "मला आवडलं."

कुल्याशने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तीस वर्षांत पहिल्यांदाच मी तिला आवडलो असेन.

आणि मग ताट आलं. मेंढीची कलेजी आणि शेपटाची चरबी, वाफाळणारी. आमच्याकडे हे ताट आल्याशिवाय सोयरीक होत नाही. व्याह्यांनी आपल्या हाताने एकमेकांना भरवायचं, आणि पहिला घास घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला. तो घास गिळला की शब्द पक्का. मग आभाळ कोसळलं तरी मोडायचा नाही.

बातिमा आजी माझ्या समोरच बसल्या होत्या. मुठीएवढी मूर्ती, पांढऱ्याशुभ्र कापडाने डोकं बांधलेलं, डोळे लखलखीत. त्यांनी तोंड उघडलं. आत दोन दात होते, दोन्ही माझी वाट बघत. दारापाशी बोतागोझ ओढणीआडून बघत होती. मी कलेजीचा तुकडा उचलला, त्यावर चरबी ठेवली, हात पुढे केला. आजींच्या ओठांपासून चार बोटं राहिली. आणि छातीतून तो खोकला वर येऊ लागला.

मी हात मागे घेतला. घास ताटात ठेवला.

"मी भरवणार नाही," मी म्हणालो.

कुल्याशचा चेहरा पांढरा पडला. "अहो! काय बोलताय?"

"मी भरवणार नाही आजींना. मला झालाय तो आजार. विक्तर इटलीहून आला होता. मी त्याला मिठी मारली. चीजही खाल्लं."

"चीज?" कुल्याश ओरडली. "मला म्हणालात ऑफिसात पोट बिघडलं म्हणून जेवत नाही!"

"बिघडलं नव्हतं. भरलं होतं."

त्यानंतर मी असा खोकलो, की आजींनी स्वतः उशी उचलून तोंडापुढे धरली. सांझार खाली बघत होता. दारातली ओढणी दिसेनाशी झाली. मला रडू आलं हो. खरंच सांगतो, आलं.

मिर्झाखमेत उठले. "चला माझ्याबरोबर. बाहेर."

मला वाटलं फाटकाकडे. पण त्यांनी मला अंगणातल्या शेडमध्ये नेलं, जिथे ते मेंढ्या तपासत. हातमोजे चढवले, माझी पापणी खाली ओढली, दात पाहिले, मानेखाली दाबलं. मग एक भलंमोठं थर्मामीटर काढलं. ते मेंढ्यांना कुठे लावतात हे मला ठाऊक होतं. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "काखेत. धुतलेलं आहे."

ताप नव्हता.

"मास्क काढा. श्वास घ्या."

घेतला. काही नाही.

"घाला."

खोकलो.

"काढा."

काही नाही.

"घाला."

चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्यांनी लोकर कापायची कात्री घेतली आणि माझा मास्क उभा चिरला. आतून अद्रास्पानचा भुसा असा सांडला, की कोपऱ्यातली मेंढीसुद्धा शिंकली.

"किती घातलंत हे?"

"बायकोने चिमूटभर सांगितलं होतं."

"आणि?"

"मूठभर."

"तीस वर्षं मी जनावरं बघतोय," मिर्झाखमेत शांतपणे म्हणाले. "पण भुशाची पिशवी तोंडाला बांधून आपणच गुदमरणारं पहिल्यांदाच पाहिलं. आता त्या विक्तरला फोन लावा."

विक्तरने पहिल्याच रिंगला उचलला. मी सगळं सांगितलं. तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"केंजेबेक, कोणाला सांगणार नाहीस ना?" तो हळूच म्हणाला. "मी इटलीला गेलोच नाही रे. ऐन वेळी घाबरलो, तिकीट रद्द केलं. पण ऑफिसात तुम्ही निरोप-समारंभ केला होता, हार घातला होता. तोंड कसं दाखवणार? आठ दिवस कोस्तानायला मेहुणीकडे लपून बसलो. चीज तिच्या शेजारणीने केलेलं. बरं होतं ना?"

फोन स्पीकरवर होता. व्याह्यांच्या मिशा मी पहिल्यांदाच हलताना पाहिल्या.

आम्ही आत आलो. मिर्झाखमेतनी सगळ्यांना एका वाक्यात निदान सांगितलं. कुल्याश हसू लागली आणि हसता-हसता रडू लागली. ओढणी पुन्हा दारात आली.

"पण हाताने भरवायचं नाही," मिर्झाखमेत म्हणाले. "गाडीत डबाभर माणसं होती. नियम म्हणजे नियम." त्यांनी घोडीचं दूध ढवळायचा लांब दांड्याचा लाकडी डाव आणला, उकळत्या पाण्याने धुतला आणि माझ्या हातात दिला. मग मी खोलीच्या या टोकाला आणि आजी त्या टोकाला, मध्ये तो डाव, डावात कलेजी. मी डाव इंच-इंच पुढे सरकवत होतो.

"लवकर कर रे बाबा," आजी म्हणाल्या. "मघापासून तोंड उघडं आहे. जबडा दुखतोय."

घास पोहोचला. आजींनी तो सावकाश चघळला, आणि आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो. गिळला! मग त्यांनी दोन्ही तळहात वर करून आशीर्वाद दिला, आणि मला जवळ न बोलावता लांबूनच म्हणाल्या, "घास मागे घेतलास ना, तेव्हाच मी मनात म्हटलं, या घरात मुलगी द्यायला हरकत नाही. अक्कल बेताची आहे, पण मन चांगलं आहे."

गोष्ट इथे संपली असती तर माझी लाज थोडीफार राहिली असती. पण दोन दिवसांनी परतीच्या गाडीला डब्याच्या दारात कोण? शोल्पानबाई.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "डॉक्टरचा दाखला दाखवा, मगच पाऊल टाका."

गाडी सुटायला वीस मिनिटं. सांझारने सासऱ्यांना फोन केला. मिर्झाखमेत शिक्का घेऊन धावत आले. त्यांच्याकडे एकाच प्रकारचे छापील दाखले होते, तेच त्यांनी फलाटावर उभ्या-उभ्या भरले, शिक्का मारला. शोल्पानबाईंनी चष्मा लावला आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं वाचू लागल्या.

"जनावर: मेंढा, खोडलंय, वर माणूस. वय: चोपन्न. दात: झिजलेले. खरूज: नाही. तोंडाचा व खुरांचा रोग: नाही. प्रवासास योग्य. नेण्याचा उद्देश: पैदास, खोडलंय. कत्तल, खोडलंय." त्या थांबल्या, कागद जवळ घेतला. "खाली पेनने लिहिलंय: आता विशेष उपयोग नाही, पण घरी पाळण्यास हरकत नाही."

बाईंनी मला आत घेतलं. दाखला मात्र मी हात पुढे करायच्या आत कुल्याशने घेतला आणि नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"असू दे माझ्याकडे," ती म्हणाली. "तीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगतेय. आज शिक्क्यासकट मिळालं."