हेदरच्या बरण्या आणि फर्गसचा प्रिंटर

हेदरला अठरा लेबलं हवी होती. जर्दाळूच्या जॅमच्या बरण्या टेबलावर तयार होत्या, चर्चची जत्रा दहाला सुरू होणार होती, आणि तिचा नवरा फर्गस आठ वाजल्यापासून प्रिंटरसमोर गुडघे टेकून बसला होता. एवढी भक्ती त्यानं चर्चमध्ये कधी दाखवली नव्हती.

एरवी ती हसली असती. पण तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि या माणसानं साधं कार्डसुद्धा दिलं नाही. विचारलं तर "विसरलो गं" म्हणून चहा ढवळत बसला. आपण याच्या लेखी आता घरातल्या कपाटासारख्या झालो, हे तिला फार खुपत होतं. तेव्हापासून ती कामापुरतंच बोलत होती.

"बिघडलाय का?"

"बिघडलाय कसला! कॉम्प्युटर त्याला ओळखत नाहीये, एवढंच. लिनक्स सिस्टिम आहे ही, अशीतशी नाही. ड्रायव्हर बदलला की झालं."

ड्रायव्हर बदलला. प्रिंटर ढिम्म राहिला आणि माउस बंद पडला. माउससाठी अपडेट घेतलं, तर पडद्यावरचं सगळं आडवं झालं. फर्गस मान वाकडी करून टाइप करू लागला.

"मी शेजारून छापून आणते. नेरिसाकडे बटण दाबलं की छापतं."

"पाच मिनिटं थांब गं!"

"हीच पाच मिनिटं साडेआठलापण होती."

शेवटी फर्गसनं वैतागून गेल्या महिन्याभरात स्वतः घातलेला सगळा घोळ काढून टाकला, आणि प्रिंटर घरघरला. हेदर धावत आली. फर्गसचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"अरे देवा! आधीचं सगळं रांगेत अडकलं होतं!" तो वायर उपटायला झेपावला.

"हात लावून तर बघ!" म्हणत हेदरनं पहिला कागद उचलला.

'हेदर, चाळीस वर्षं माझी बडबड ऐकलीस. अजून चाळीस ऐकशील? तुझा फर्गस.' वर लग्नाच्या वाढदिवसाची तारीख. दुसऱ्या कागदावरही तेच, तिसऱ्यावरही तेच. एकोणिसावा फिकट निघाला आणि शाई संपली.

"म्हणजे तू विसरला नव्हतास?"

"त्या दिवशी दिवसभर छापायचं बटण दाबत होतो."

"मग हातानं लिहायचंस ना, बावळटा!"

"मग प्रिंटर चालत नाही हे तुला कळलं असतं."

हेदर खुर्चीत बसली आणि डोळे पुसत हसत सुटली. तीन आठवड्यांचा राग कुठल्या कुठे गेला. मग घड्याळ बघून तिनं कात्री आणि पेन घेतलं, आणि पहिले अठरा कागद पुढ्यात ओढले.

जत्रेत बरण्या तासाभरात संपल्या. प्रत्येकीच्या गळ्यात हेदरच्या अक्षरातलं 'जर्दाळू' आणि मागच्या बाजूला फर्गस. दुपारी पाद्रीबाबांनी त्याला गाठलं.

"काय रे फर्गस, पुढच्या चाळीस वर्षांचं काय ठरलं?"

फर्गसनं कानकोंडं होऊन बायकोकडे पाहिलं.

"विचार चाललाय," हेदर म्हणाली, आणि एकोणिसावा कागद तिनं पर्समध्ये आणखी आत सरकवला.