ओल्या रस्त्याचे राखणदार

आमच्या वॉर्डात सिमेंटचा नवा रस्ता घातला गेला, की वॉर्डाचे कौन्सिलर भगवानराव त्याच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकतात आणि रस्ता वाळेपर्यंत तिथून हलत नाहीत. ते असे का करतात? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले आहे. प्रश्न साधा दिसतो. परंतु तेलंगणातल्या आदिलाबादच्या आमच्या भागात त्याची इतकी उत्तरे प्रचलित आहेत, की त्यांची नीट छाननी करणे मला आवश्यक वाटले.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. ओले सिमेंट हे सर्व सजीवांना आकर्षित करते. कुत्री, शेळ्या, कोंबड्या, सायकलवरची मुले आणि घाईतले जावई यांना इतर सर्व वाटा सोडून त्याच वाटेने जायचे असते. म्हणून अन्य वॉर्डांत रस्त्यावर बाभळीच्या काट्या आडव्या टाकतात आणि माणसे घरी निघून जातात. परिणामी त्या वॉर्डांत कुत्र्यांच्या पावलांचे कायमचे ठसे आढळतात. भगवानरावांच्या रस्त्यांवर मात्र, एक गल्ली सोडली तर, पाखराचे पाऊलसुद्धा नाही, हे मी चालत जाऊन पाहिले आहे.

भगवानराव साठीच्या अलीकडचे, उंच आणि किडकिडीत. अंगात पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, हातात छत्री. खुर्ची तांबडी आहे आणि तिच्या पाठीवर त्यांचे नाव रंगवलेले आहे, कारण लग्नसराईत खुर्च्यांची अदलाबदल होते आणि त्यांना त्याची धास्ती वाटते. त्यांना तशी सगळ्याचीच धास्ती वाटते. नळाला पाणी उशिरा आले तर ते अस्वस्थ होतात. वेळेआधी आले तर अधिक अस्वस्थ होतात, कारण मग ते कुठल्या तरी दुसऱ्या गल्लीचे असणार. ढगांकडे ते इतक्या वेळा पाहतात, की नवख्या माणसाला त्यांची मान धरली आहे असे वाटावे.

खुर्चीवर बसल्या बसल्या ते मधूनच वाकतात, रस्त्याच्या कडेला अंगठा दाबून पाहतात आणि म्हणतात, "वला हाय अजून." हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते केवळ सिमेंटपुरते राहिलेले नाही. नव्या तहसीलदाराबद्दल मी एकदा त्यांचे मत विचारले, तेव्हा क्षणभर विचार करून त्यांनी सांगितले, "वला हाय अजून." शेजारच्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हाही त्यांनी हेच सांगितले आणि मुलीच्या आईने आठवडाभर त्यांच्याशी बोलणे टाकले.

वॉर्डाचा कारभार ते त्याच खुर्चीवरून चालवतात. जन्माचा दाखला, तुंबलेली नाली, विझलेला दिवा, कचऱ्याची न आलेली गाडी, अशी प्रत्येक दरख्वास्त तिथेच रुजू होते. फोन आला की ते गाऱ्हाणे पुरते ऐकूनही घेत नाहीत. "या, मी बसलोच हावो," एवढे सांगतात आणि खरोखरच बसलेले असतात.

राखणीच्या कामात ते नातेगोते पाहत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या गल्लीत रस्ता झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी भाजीची पिशवी घेऊन बाजारातून परतल्या. भगवानरावांनी त्यांना शेजारच्या ओट्यावर बसवून ठेवले. "मत द्याले मी चालली," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आन् आता सोताच्या घरात जावाले यांची मंजुरी लागते." भगवानरावांनी मंजुरी दिली नाही. मेथी ओट्यावरच निवडली गेली.

आता प्रचलित उत्तरे पाहू. किराणा दुकानदाराचे म्हणणे असे, की हे सारे निवडणुकीसाठी आहे. हे टिकत नाही. निवडणूक नजरेच्या टप्प्यात नसतानाही खुर्ची असतेच. दुसरे उत्तर असे, की कंत्राटदारावर त्यांचा विश्वास नाही. तेही टिकत नाही, कारण खुर्ची येते ती कंत्राटदार गेल्यानंतर. घरी पत्नी कामे सांगतात म्हणून ते बाहेर बसतात, हे तिसरे उत्तर मला काही काळ पटले होते. परंतु चौकशीअंती असे कळले, की घरी त्यांना कोणी कोणतेच काम सांगत नाही, कारण काम करताना ते इतकी काळजी करतात की त्यापेक्षा ते काम आपणच केलेले बरे.

खरे उत्तर मला सापडले ते मागच्या पोळ्याला.

ज्यांच्याकडे पोळा नाही अशा वाचकांसाठी एक रीत सांगणे भाग आहे. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे लोणी-हळदीने मळतात आणि त्याला तोंडाने आमंत्रण देतात: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी बैल सजतो, मारुतीसमोरच्या तोरणाखाली उभा राहतो आणि दिवेलागणीच्या आत घरी येतो. दारात त्याचे पाय धुतात, त्याला ओवाळतात आणि पुरणपोळी खाऊ घालतात. त्या दिवशी तो जनावर नसतो. बोलावलेला पाहुणा असतो.

आमच्या शेजारची गल्ली अगदी अरुंद आहे आणि पुढे कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीपाशी बंद होते. त्या भिंतीला लागून शेवटचे घर पार्वताबाईंचे. त्यांचे यजमान गेले, शेती जैनथ गावच्या पुतण्याकडे गेली आणि हरण्या नावाचा बैलही त्याच्याच गोठ्यात गेला. मात्र दर पोळ्याला पुतण्या हरण्याला पार्वताबाईंकडे घेऊन येतो. हरण्या तोवर इतका थकला होता, की त्या पोळ्याला त्याला टेम्पोतून आणावे लागले. हा त्याचा शेवटचा पोळा, हे सर्वांना दिसत होते आणि कोणी बोलत नव्हते. आदल्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी निंबाखाली बांधलेल्या हरण्याला पार्वताबाईंनी आवतन दिले, तेव्हा मी तिथे होतो.

याच गल्लीचा रस्ता बरेच दिवस मंजूर होऊन पडला होता. पाऊस उघडला की घालू, असे ठरले होते, आणि कंत्राटदाराच्या मिस्त्रीने, नरसय्याने, भगवानरावांना एवढेच विचारले होते, की अमावास्या कधी. म्हणजे तो दिवस सोडून काम धरता येईल. भगवानराव त्या वेळी नगरपालिकेत होते. त्यांनी कार्यालयाच्या भिंतीवरचे तेलुगू कॅलेंडर पाहून सांगितले.

इथे चूक झाली. त्या खेपेला अमावास्या एका दुपारी लागून दुसऱ्या दुपारी संपत होती. आमच्या घरांतल्या मराठी कॅलेंडरांनी पोळा पहिल्या दिवशी दाखवला. कार्यालयातल्या तेलुगू कॅलेंडरने अमावास्या दुसऱ्या दिवशी छापली. भगवानरावांना घरच्या भिंतीवरून पोळा अचूक ठाऊक होता आणि कार्यालयाच्या भिंतीवरून त्यांनी अमावास्या अचूक सांगितली होती. पोळा अमावास्येलाच असतो, म्हणजे हे दोन्ही एकच, हे सगळ्याची काळजी करणाऱ्या या माणसाच्या ध्यानात आले नाही.

पोळ्याच्या दुपारी सारा वॉर्ड मारुतीसमोर होता. बैल, माणसे, पोरे, शेळ्यासुद्धा. घराघरांत फक्त पुरण शिजत होते. अशा वेळी नरसय्या माणसे आणि मिक्सर घेऊन आला. गल्ली चिटपाखरू नसलेली पाहून त्याला फार आनंद झाला. इतकी रिकामी गल्ली त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. यंत्राचा आवाज ऐकून पार्वताबाई बाहेर आल्या आणि आज पोळा आहे असे सांगू लागल्या. त्याला मराठी समजेना आणि त्यांना तेलुगू. कौन्सिलर सारांनीच दिवस दिला आहे, एवढे मात्र दोघांनाही कळले. तोरण सुटून बैल घरोघर निघण्याच्या सुमारास भगवानरावांचा फोन वाजला. पलीकडून नरसय्या अभिमानाने म्हणाला, "अय्यिपोयिंदि सार." काम झाले होते.

भगवानरावांचा चेहरा मी जवळून पाहिला. ते चालू लागले आणि मग धावू लागले.

आम्ही पोचलो तेव्हा रस्ता आरशासारखा सपाट होता. नालीच्या कठड्यावरून माणूस तोल सांभाळत जाऊ शकत होता. बैल जाऊ शकत नव्हता. अलीकडे झूल आणि बाशिंग घातलेला हरण्या, पलीकडे ओवाळणीचे ताट घेतलेल्या पार्वताबाई, आणि मधे ओले सिमेंट. कोणी तरी सवयीने तांबडी खुर्ची आणून ठेवली. भगवानराव सवयीने तिच्यावर बसले. त्यांनी अंगठा दाबला. अंगठा आत गेला. या खेपेस ते काहीच म्हणाले नाहीत.

उपाय सुचवण्यात आमचा वॉर्ड मागे नाही. प्रथम फळ्या टाकल्या. हरण्याने पहिल्या फळीवर खूर ठेवला, ती पोकळ वाजली आणि त्याने पाय मागे घेतला. मग जिनिंगमधून बारदाने आणून अंथरली. त्याने ती हुंगली आणि तो मागे सरला. नरसय्या पुन्हा पुन्हा सांगत होता, "एम् कादु सार," म्हणजे काही बिघडत नाही, उद्या सकाळी खुशाल न्या. आकाश भरून आले होते आणि उजेड उतरत होता. भगवानराव एकदा ढगांकडे पाहत, एकदा रस्त्याकडे, एकदा बैलाकडे.

शेवटी त्यांनी उभे राहून पलीकडे आवाज दिला, की वहिनी, ताट इकडे पाठवा, निंबाखालीच खाऊ घालू.

पार्वताबाईंचा आवाज चढला नाही. "भाऊ, म्या आवतन घरचं देल्लं. जेवन रस्त्यावर देऊ काय?"

भगवानराव खाली बसले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. म्हणून पुढचे जे ते बोलले, ते मलाच ऐकू आले असावे.

"गुरुजी, मी पह्यल्यांदा निवडून आलो, त्या साली माह्या दारीबी एक बैल होता. आवतन म्याच देल्लं. आन् पोळ्याच्या दिवशी हारतुरे घेत गावभर फिरलो. घरी आलो त अंधार पडला होता. बायकोनं चारलं, त्यानं खाल्लं नायी. दाराकडं तोंड करून उभा होता. त्या हिवाळ्यात गेला तो." हरण्याकडे पाहत ते म्हणाले, "बोलावलं आन् मीच नवतो."

मग ते उठले. चपला काढून त्यांनी खुर्चीखाली नीट जोडून ठेवल्या. धोतर गुडघ्यापर्यंत खोचले. पुतण्याच्या हातून दोर घेतला, हरण्याच्या मानेवर हात ठेवला आणि पहिले पाऊल स्वतः ओल्या सिमेंटात टाकले.

"चाला जी," ते बैलाला म्हणाले. "वाट पाहून राह्यले तुमची."

त्यांचे पाऊल रुतलेले पाहून हरण्याने आपले पाऊल टाकले. बहुधा मऊ जमीन त्याला शेतासारखी लागली असावी. नरसय्याने दोन्ही हात डोक्याला लावले. सारी गल्ली कठड्यावर रांगेने उभी राहून पाहत होती. घुंगरांखेरीज आवाज नव्हता. एकदा मधेच हरण्या थांबला आणि धापा टाकू लागला. भगवानरावही थांबले. त्यांनी त्याला ओढले नाही. तो निघाला तेव्हा तेही निघाले.

दिवे लागायच्या आत तो दारात पोचला. पार्वताबाईंनी आधी त्याचे सिमेंटने भरलेले पाय धुतले, मग पाण्याचा तांब्या भगवानरावांपुढे केला. हरण्याने पुरणपोळी सावकाश, दोन्ही डोळे मिटून खाल्ली.

परतताना भगवानराव कठड्यावरून आले. नरसय्या थापी घेऊन ठसे पुसायला वाकला होता. त्यांनी त्याचा हात धरला. "राहू दे," ते म्हणाले. "हरण्या आल्ता, हे दिसलं पाह्यजे." नरसय्याला मराठी समजत नव्हती, तरीही त्याने थापी खाली ठेवली. त्यानंतर भगवानरावांनी खुर्ची उचलून आत, पार्वताबाईंच्या दारापाशी नेली आणि ठशांकडे तोंड करून ते बसले. ढग न बरसता गेले. पोळीचे ताट त्यांना तिथेच मिळाले.

यावरून मी असा निष्कर्ष काढतो, की भगवानराव सिमेंट राखण्यासाठी बसत नाहीत. कोणी बोलावल्यावरून आले, तर आपण जागेवर असावे, एवढ्यासाठी ते बसतात. हा निष्कर्ष एका माणसाच्या निरीक्षणावर आधारलेला आहे आणि त्यात चूक असू शकते. जिनिंगच्या भिंतीपाशी संपणारी ती गल्ली सर्वांना खुली आहे. खुरांचे ठसे आणि त्यांच्या डाव्या बाजूने चाललेली अनवाणी पावले अजून तिथे आहेत. बैल थांबला तिथे माणूसही थांबला होता की नाही, हे वाचकांनी कृपया स्वतः जाऊन पडताळून पाहावे.