होडी, जाहिरातीतल्या सर्व सामानासह

वस्तू विकत घेण्याचं शास्त्र या जगात फक्त तिघांना कळलं. त्यातले दोघे वारले. तिसरा मी! तारलीचे डबे भरणाऱ्या आमच्या कारखान्यात चाळीस वर्षं मी आलेला माल यादीशी ताडून घेतला. मीठ, तेल, पत्रा, झाकणं, मासे. एकदा एका पेटीत एक तारली कमी भरली म्हणून मी अख्खा ट्रॉलर परत पाठवला होता. (ती तारली नंतर मांजराकडे सापडली. पण तत्त्व ते तत्त्व!) मला फसवणारा माणूस अजून जन्मायचा होता.

तो जन्मलेला होता. शेजारच्या बेटावर राहत होता, आणि नाव होतं कुझ्मा. सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे त्याने मला फसवलंच नाही.

निवृत्त झाल्यावर मला होडी हवी होती. आमच्या गावात होडी नसलेल्या पुरुषाला एकच काम असतं. इतर लोक समुद्रातून परत आले की याने धक्क्यावर उभं राहून त्यांचा दोर झेलायचा, खुंटाला बांधायचा आणि "काय, मिळालं का काही?" असं विचारायचं. चाळीस वर्षं मी तेच करत होतो. माझा शाळासोबती झ्वाने हाडाचा कोळी. तो दोर फेकताना दर वेळी धक्काभर ऐकू जाईल असं ओरडायचा, "धर रे फाब्यान! दोरच आहे, घाबरू नकोस! डब्याबाहेरचा मासा नाही, चावायचा नाही!"

मरायच्या आधी एक तरी मासा मी स्वतःच्या होडीतून, स्वतःच्या हाताने काढणार होतो. आणि परत येताना दोर झ्वानेच्या तोंडावर फेकणार होतो. बस, एवढीच इच्छा. माणसाने फार हाव धरू नये.

माझ्या बायकोचा, पेरिनाचा, या बेताला पाठिंबा होता. निवृत्तीच्या पहिल्याच आठवड्यात मी तिच्या कोठीतल्या बरण्या ताडून पाहिल्या होत्या. ऑलिव्हची एक बरणी कमी भरली.

"मी खाल्ली!" ती म्हणाली.

"नोंद?" मी विचारलं.

तेव्हापासून या माणसाने पाण्यात जावं, असं तिचं स्पष्ट मत होतं.

नोव्हेंबरच्या अखेरीला वर्तमानपत्रात जाहिरात दिसली. 'लाकडी होडी, पाच मीटर, नाव मांदालेना. सोबत डिझेल इंजिन, वल्ही दोन, साखळीसह नांगर, ताडपत्रीचं छत, कंदील.' मी लगेच सामानाची यादी केली आणि प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन काढला. दक्षिणेचा वारा सुटला होता, फेरीबोट चार दिवस बंद होती, म्हणून होडी बघायला न जाता फोन केला. यादी हातात असली की वस्तू बघावी लागत नाही, असं माझं तेव्हा मत होतं.

"कुठून बोलताय काका?" कुझ्माने विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं. पलीकडे त्याने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"अस्सं," तो म्हणाला. आवाज भिजल्यासारखा झाला होता. "तुमच्या गावाला जाणार म्हणजे सोनं झालं तिचं. वडलांना फार बरं वाटलं असतं. सहा तारखेच्या आत पोचायला हवी, नाही का?"

"जितकी लवकर तितकं बरं!"

"आणि जाहिरातीतल्या किमतीचं मनावर घेऊ नका काका. निम्मी द्या. जास्त घेतली तर मला झोप लागायची नाही."

मी फोन ठेवला आणि पेरिनाला म्हणालो, "याला म्हणतात घासाघीस! तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही!"

तीन डिसेंबरला वारा पडला आणि मांदालेना आली. फेरीबोटीवरून क्रेनने उचलून तिला धक्क्यावर ठेवलं. मी यादी आणि पेन्सिल घेऊन पुढे झालो.

इंजिनाच्या जागी चार भोकं आणि तेलाचा एक डाग होता. वल्ही नव्हती. वल्ही अडकवायच्या पितळी कड्याही नव्हत्या. नांगर नाही, साखळी नाही, छत नाही, कंदील नाही. तळाच्या भोकाचं बूच, जे जाहिरातीत घालायचं कुणाला सुचत नाही, कारण बूच काढून कुणी होडी विकेल असं कुणाच्या स्वप्नात येत नाही, ते बूचसुद्धा नव्हतं! लग्नात दागिने उतरवून घेऊन नवरी सासरी पाठवावी तशी ती उभी होती. पुढच्या टोकाला मात्र काळ्या फितीने रोझमेरीची जुडी बांधलेली होती. यादीच्या तळाशी मी लिहिलं, 'रोझमेरी: जादा.'

घरी येऊन फोन लावला.

"कुझ्मा! इंजिन कुठंय?"

"माझ्याकडे आहे काका. तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवलंय. काळजी नको."

"काळजी नको? ते जाहिरातीत होतं!"

"जाहिरात काय, चार लोकांसाठी असते. तुम्हाला कशाला हवंय इंजिन?"

"कशाला म्हणजे? जायला!"

"जिथं जायचंय तिथं इंजिन लागत नाही काका."

माझं वय अडुसष्ट. हा टोमणा मला बरोबर लागला. "आणि वल्ही?" मी दात आवळून विचारलं.

"चांगली बीच झाडाच्या लाकडाची आहेत हो. जीव होईना माझा."

"नांगर?"

"लोखंड आहे काका ते! लोखंडाचं काय करणार तुम्ही? शेवटी राखेत हात घालून कुणाला तरी उचलावंच लागणार."

"माझ्या राखेची चिंता तू करू नकोस!" मी गरजलो आणि फोन आपटला.

मनाला थोडी फुंकर घालावी म्हणून धक्क्यावर गेलो, तर झ्वाने मांदालेनाभोवती फिरत होता. मला बघून त्याने टोपी काढली. साठ वर्षांच्या ओळखीत त्याने माझ्यासमोर टोपी काढल्याचं मला आठवत नाही.

"फाब्या," तो म्हणाला, "मी तुला आजवर काय काय बोललो. विसरून जा. एवढं मोठं काळीज असेल तुझं, असं नव्हतं रे वाटलं."

"होडी आवडली का?"

"होडी काय... माणूस आवडला!" असं म्हणून तो डोळे पुसत निघून गेला. जाताना पाइनच्या फाट्यांची एक मोळी होडीखाली सारून गेला. मला वाटलं, होडी कलू नये म्हणून टेकू दिलाय. मग बेकरीवाला एक मोळी ठेवून गेला. शाळेच्या बाई ठेवून गेल्या. संध्याकाळपर्यंत माझ्या होडीला इतके टेकू लागले होते की बंदरातलं जहाज हललं असतं, पण ती हलली नसती. मी प्रत्येकाचे हात धरून आभार मानले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी चर्चला गेलो नाही, कुझ्माविरुद्धच्या तक्रारीचा मसुदा करत घरी बसलो. पेरिना प्रार्थनेहून आली आणि थेट स्वयंपाकाला लागली. भरलेली माकुलं! मी न मागता! वर माझ्या टकलाची पापी घेतली आणि म्हणाली, "मला आधी सांगायचंस तरी." मी म्हणालो, "तुला सगळं माहीतच होतं की." ती म्हणाली, "हो, पण या कारणासाठी, हे नव्हतं माहीत." मी माकुलं खाल्ली. चालत्या गाड्याला खीळ घालू नये.

सोमवारी तक्रार घेऊन फादर स्पिरोंकडे गेलो. आमच्याकडे बेटाबेटांतला तंटा कोर्टात नेत नाहीत. कोर्टात निकाल लागेपर्यंत होडी कुजते, आणि वकील तेवढा नवी होडी घेतो. फादरांनी माझी यादी वाचली, रिकामे चौकोन बघितले, चष्मा पुसला आणि माझ्यासमोरच कुझ्माला फोन लावला.

"कुझ्मा, बाळा, जाहिरातीत सामान होतं की नव्हतं?"

"होतं, फादर. पण फादर, तुम्हीच सांगा, त्याचा काय उपयोग त्यांना?"

"तो प्रश्न तुझा नाही. सामान जाहिरातीत होतं, म्हणजे ते फाब्यानचं. त्याने होडी संत निकोलाला जाळायला दिली, म्हणून इंजिन तू घरी ठेवून घ्यायचंस असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? उद्या सणाला येतोसच, तेव्हा सगळं घेऊन ये. बूचसुद्धा!"

फोन ठेवून फादर माझ्याकडे वळले. "झालं तुझ्या मनासारखं? शंभर टक्के तुझ्या बाजूने!"

मी यादी त्यांच्या टेबलावरून उचलून खिशात घातली.

आमच्या गावात सहा डिसेंबरला, संत निकोलाच्या दिवशी, चर्चसमोर एक जुनी होडी जाळतात. दर्यावर्दींचा संत तो, त्याला दर्यावर्दींची भेट. हे मी जन्मापासून बघत आलोय. माझ्या हातात यादी नसती, तर तीन तारखेला धक्क्यावरच माझ्या डोक्यात प्रकाश पडला असता. जुनी लाकडी होडी, डिसेंबरचा पहिला आठवडा, आमचं गाव! कुझ्माला वाटलं तेच पंचक्रोशीतल्या कुठल्याही शहाण्या माणसाला वाटलं असतं. आणि जळणाऱ्या होडीत कुणी इंजिन ठेवतं का?

"फादर," मी म्हणालो, "होडी... मी दिली असं कोण म्हणालं?"

"नम्रता पुरे!" फादरांनी माझा खांदा दाबला. "यंदा काय परिस्थिती होती तुला माहीत नाही. सगळ्यांच्या होड्या प्लॅस्टिकच्या! शनिवारी समिती एका कपाटावर विचार करत होती. कपाटावर, फाब्यान! संत निकोलाला मी कुठल्या तोंडाने कपाट दिलं असतं? आणि झ्वाने धावत आला, म्हणाला, फाब्यानने होडी आणली! मी काल तुझं नाव वेदीवरून घेतलं. लोक रडले."

घरी येऊन पेरिनाला खरं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि उरलेली माकुलं माझ्यासमोरून उचलली.

"जा. धक्क्यावर उभा राहून सांग सगळ्यांना, की मी संतांच्या तोंडातली होडी काढून घेतोय. मी चालले माहेरी."

तिचं माहेर समोरच्या दारात आहे. पण तत्त्वाचा प्रश्न तिलाही कळतो, एवढ्या वर्षांत माझ्याकडूनच शिकली.

मी ठरवलं. सणाच्या सकाळी, होडी पेटायच्या आधी, चारचौघांत खरं बोलायचं. वाक्यही पाठ केलं: 'बंधूंनो, एक छोटासा गैरसमज झाला आहे.' साधं, सभ्य, आठ वेळा आरशासमोर म्हटलेलं.

सहा तारखेला सकाळी चाळीस माणसं मांदालेनाला खांद्यावर घेऊन चढण चढली. दाता म्हणून मला पुढे चालवलं. मागून बँड. चर्चच्या पटांगणात होडी मोळ्यांवर ठेवली, इतक्यात फेरीबोटीवरून उतरलेला कुझ्मा हातगाडी ढकलत वर आला. हा दांडगा माणूस, डोळ्यांत पाणी. गाडीवर सगळं सामान! माझा हात आपोआप खिशात गेला. इंजिन, बरोबर. वल्ही दोन, बरोबर. नांगर, साखळी, छत, कंदील. कड्या. बूच. सगळ्या चौकोनांत खुणा झाल्या. इतका पूर्ण माल मला कारखान्यातही कधी मिळाला नव्हता.

मग मी त्याला बाजूला घेऊन कुजबुजलो, "कुझ्मा, मला ही होडी चालवायची होती रे. मासे पकडायला."

त्याचा चेहरा पिठासारखा झाला. "चालवायची? अहो काका, मग आधी बोलायचं! आता... आता आईला तुम्हीच सांगा. माझी छाती नाही."

हातगाडीमागून काळ्या कपड्यातली एक म्हातारी पुढे आली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, मुठीएवढी, काखेत द्राक्षवेलीच्या वाळक्या काड्यांची मोळी. हीच मूळ मांदालेना. नवऱ्याने होडीला तिचंच नाव दिलं होतं.

"तो पुण्यवान कोण?" तिने विचारलं. कुझ्माने बोट दाखवलं. तिने माझे दोन्ही गाल पकडून मला खाली ओढलं.

"आजी," मी म्हणालो, "एक छोटासा..."

"बोलू नकोस, ऐक! साठ वर्षं ही माझी सवत होती. नाव माझं, आणि नवरा तिच्याकडे! पाऊस आला, तो तिच्यावर ताडपत्री घालायला धावायचा. माझं छप्पर गळत होतं ते गळतच राहिलं. माझ्या बाळंतपणाला हा हिला रंग देत होता! मी रोज संत निकोलाला सांगायचे, मला हिला जळताना बघून मग ने. आता बघते आणि सुखाने जाते. लेकरा, देव तुझं भलं करो! हं, काय म्हणत होतास?"

पटांगणात पाचशे माणसं उभी. फादर स्पिरो बघतायत. पेरिना बघतेय, झ्वाने हातात टोपी धरून उभा.

"थंडी आहे म्हणत होतो," मी म्हणालो.

दात्यानेच पेटवायची पद्धत आहे. माझी पहिली काडी विझली. दुसरी विझली. लोक म्हणाले, किती भारावलाय बिचारा. तिसऱ्या काडीला आजीने मला कोपराने ढकललं, एप्रनच्या खिशातून स्वतःची काड्यापेटी काढली आणि माझा हात धरून पेटती काडी मोळीला लावली. साठ वर्षांचं मुरलेलं डांबर ते! मांदालेना अशी पेटली की बँडवाले तीन पावलं मागे सरकले. आजी मात्र दोन पावलं पुढे गेली आणि हात शेकत उभी राहिली.

पेरिना माहेराहून परत आली आहे. सवा मिनिट लागलं. इंजिन आमच्या बैठकीत, नांगर पलंगाखाली आहे. वल्ह्यांवर ती चादरी वाळत घालते. जाहिरातीतली एकूण एक वस्तू मिळाली, तक्रारीला तसूभर जागा उरली नाही, आणि फादरांनी माझ्या अर्जावर 'समाधानकारक निकाल' असं लिहून सही केली.

तेव्हा वाचकहो, एक किरकोळ विनंती. तुमच्यापैकी कुणाकडे एखादी जुनी लाकडी होडी पडून असेल तर कळवा. सामान नसलं तरी चालेल. फक्त कृपा करून ती सात डिसेंबरनंतर पाठवा.