एकवीस दिवसांत समाधान

लिफ्टमधली धोक्याची घंटा वाजते का, हे कुणीही तपासेल. ती वाजल्यावर कोण येतं, ते बघायचं असतं. हे माझ्या सासऱ्यांचं मत. त्यांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांना शेवटी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलीच दिसते. इंटरनेटवरची नावं, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते, वाटणाऱ्या संस्थेच्या उत्तरदायित्व समितीवर माझी नेमणूक झाली, तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं.

"बाबा, तिथे लिफ्ट नाही, प्रक्रिया आहे," मी म्हटलं.

"मग तर आधी विचार," ते म्हणाले.

मी घाईत होते. मुलाचा डबा भरायचा होता आणि डबा भरण्याआधी प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची होती. माझ्या मुलाला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे नावडतो असं नव्हे; श्वास अडकतो.

अशाच मुलांच्या आम्ही एकेचाळीस आया एका संकेतस्थळावर भेटायचो. कुठल्या बिस्किटात काय लपलंय, हे एकमेकींना सांगायचो. टोपणनावं घेतलेली, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. मग एका सकाळी संस्थेने आमच्या स्थळाचं नाव नजरचुकीने एका गादीविक्रेत्याला देऊन टाकलं. स्थळ उघडलं, तर दुहेरी गादीवर एक जोडपं शांत झोपलेलं. (गादी चांगली दिसत होती.)

आदल्या संध्याकाळी 'दोन वेण्या' या नावाच्या नव्या आईने विचारलं होतं, "पाकिटावर शेंगदाणा लिहिलेला नाही, पण 'वनस्पती प्रथिने' लिहिलंय. निळं पाकीट, वर ससा आहे. लेक मागे लागलीय. चालेल का?" उत्तर मला पाठ होतं. त्या पाकिटातली प्रथिने म्हणजे शेंगदाण्याचंच पीठ. माझ्या मुलाचे ओठ सुजल्यावर कळलेलं. सकाळी लिहीन म्हटलं. सकाळी गादी होती.

मी तक्रार केली; ती अपील म्हणून स्वतंत्र परीक्षकाकडे गेली. संस्था तक्रारदारांची फार कदर करते. तिने मला थेट समितीवर घेतलं, 'सामान्य वापरकर्ता प्रतिनिधी' म्हणून. ओळखपत्र मिळालं, लंबगोल टेबलाशी खुर्ची मिळाली, टोक केलेली पेन्सिल मिळाली. समितीच्या सदस्याने स्वतःच्या तक्रारीबद्दल बोलणं हितसंबंधात बसत असल्याने तेवढं बोलायचं नाही, हेही सांगितलं गेलं.

समितीचं काम ताण-चाचण्या घेण्याचं. संस्थेवर वाटेल ते संकट आलं असं समजायचं आणि तेव्हाही तिला जाब विचारता येतो का, ते बघायचं. काही चाचण्या देते.

चाचणी ७ : समजा, संचालक मंडळाने कुणाचंच ऐकायचं नाही असं ठरवलं. उपाय : ऐकण्याची विनंती करावी, न ऐकल्यास स्वतंत्र परीक्षकाकडे अपील. उत्तीर्ण.

चाचणी १९ : समजा, भूकंपात मुख्यालय कोसळलं. उपाय : कोसळण्याविरुद्ध स्वतंत्र परीक्षकाकडे अपील. उत्तीर्ण. (यावर चहा झाला.)

चाचणी ३१ : समजा, एखाद्याचं नाव चुकून दुसऱ्याला दिलं गेलं. उपाय : तोच. उत्तीर्ण. (यातला 'समजा' मी तीनदा खोडला. अंतिम प्रतीत तो दरवेळी परत आला.)

सदतीस चाचण्या, सदतीस उत्तीर्ण. शिवाय परीक्षकांकडे गेलेल्या चारशे बारा अपिलांपैकी चारशे बारा निकाली. एकवीस दिवसांत उत्तर गेलं नाही आणि तक्रारदाराने पुन्हा विचारलं नाही, तर त्याचं समाधान झालं असं धरतात. अशा रीतीने शंभर टक्के लोक समाधानी आहेत. इतकं समाधान मी फक्त त्या गादीवर पाहिलं होतं.

माझ्या अपिलाचा एकविसावा दिवस जवळ आला, तेव्हा मला बाबांची घंटा आठवली. मी सचिवबाईंना विचारलं, "परीक्षकांना शेवटचं कुणी पाहिलंय?"

"पाहायचं कशाला? ते स्वतंत्र आहेत," त्या म्हणाल्या. पण वाढदिवसाची कार्डं पाठवायच्या वहीत पत्ता होता.

परीक्षक म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. वॉकर ढकलत दाराशी आले, मला पाहून हरखले. खुब्याचं हाड मोडून चार वर्षं झाली होती. संस्थेकडून दरवर्षी कार्ड मात्र न चुकता येत होतं.

"दवाखान्यातून आलो, तर पासवर्डच आठवेना," ते म्हणाले. "तेव्हापासून खातं बंद."

"मग तक्रार करायचीत ना, सर!"

"केली की. वरपर्यंत गेली. शेवटी परीक्षकाकडे पाठवली."

"म्हणजे तुमच्याकडे?"

"माझ्याकडेच असणार. पण मला उघडता कुठे येतंय?"

"मग?"

"बाविसाव्या दिवशी पत्र आलं. समाधान झाल्याबद्दल आभार." ते जरा लाजले. "भाषा इतकी नेटकी होती, म्हटलं झालं असेल."

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चौकटीच्या कागदावर आमचं नाव परत करण्याचा आदेश लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. चार वर्षांतला त्यांचा हा पहिला निकाल. मी तो धावत समितीपुढे नेला. आदेश परीक्षकांच्या खात्यातूनच यावा लागतो, सबब कागद अग्राह्य. मी अडतिसावी चाचणी मांडली : समजा, परीक्षकच गप्प आहेत.

"मॅडम, कल्पनाशक्तीलाही मर्यादा हवी," अध्यक्ष हसून म्हणाले. "चार वर्षांत त्यांची एक कुरकुर नाही." चाचणी अतिरंजित ठरली. आणि दुसऱ्या दिवशी माझं समाधान झाल्याचं पत्र आलं. भाषा खरंच नेटकी आहे.

एव्हाना मी पाळणाघरं, दवाखाने, ओळखीच्या ओळखी धुंडाळून स्थळावरच्या इतर एकोणचाळीस जणी शोधून काढल्या होत्या. मी धरून चाळीस. एकेचाळीसपैकी चाळीस, म्हणजे सत्त्याण्णव पूर्णांक छप्पन्न शतांश टक्के. समितीने या कामगिरीची नोंद घेतली.

राहिली 'दोन वेण्या'. तिने त्यानंतर काही विचारलेलं नाही. संस्थेच्या नियमाप्रमाणे तिचं समाधान झालेलं आहे.

बाबांना सांगितलं, तर ते वाद घालत बसले नाहीत. चपला घालून निघाले. गेले दहा दिवस ते घड्याळांची दुकानं असलेल्या इमारती पालथ्या घालतायत, कारण ती एकदा म्हणाली होती, नवीन घर घड्याळाच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद असते. बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण अडकलेल्या माणसाकडे जायचं असतं एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे.

तुमच्या भागात अशी इमारत असेल, तर जिने चढून जा. दार वाजवा. पाच वर्षांची मुलगी, दोन वेण्या. आधी ती दिसतेय का बघा. मग आईला सांगा : निळं पाकीट, ससा. चालत नाही.

तुमच्याकडून एकवीस दिवसांत काही कळलं नाही, तर तुम्ही जाऊन आलात असं धरण्यात येईल.